गिरणीच्या गावातील सायकल आणि तिचे तुटणारे स्पोक



सोलापूरचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे वक्त्यापुढे विषयांची वाण नसते. श्रीसिद्धेश्वरांचे तळे आहे, भुईकोट किल्ला आहे. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लादलेला मार्शल लॉ आहे आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे आहेत. हा इतिहास आपण सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु ज्या माणसांच्या बळावर हे शहर उभे राहिले, ती माणसे रोज सकाळी कामावर कशी पोहोचत आणि वाटेत त्यांचे काय मोडत असे, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. म्हणून आज मी एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाचा स्पोक. तो एकदा तुटला तर त्यात नवल नाही. पण एक बदलला की आठवड्याने दुसरा तुटतो, दुसरा बदलला की तिसरा. असे का व्हावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना यंत्रशास्त्र थोडे आणि समाजाचा इतिहास अधिक हाती लागतो.

प्रथम गाव पाहू. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापूरला आली. कापसाच्या पेठेला आगगाडी मिळाली आणि १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगची गिरणी सुरू झाली. पुढे इतर गिरण्या निघाल्या तेव्हा तिला ‘जुनी गिरणी’ हे नाव पडले ते कायमचे. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जामश्री अशी नावे वाढत गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमाग मांडले होतेच. पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. घरोघर स्त्रिया विड्या वळू लागल्या. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चार भाषा एकाच चौकात ऐकू येणारे असे हे कामकऱ्यांचे गाव झाले.

कामकऱ्याच्या गावात घड्याळाची सत्ता असते, आणि गिरणीचे घड्याळ म्हणजे भोंगा. १९३४ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे काम चोपन्न तासांवर आणले आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तासांवर. पण तास कमी झाले म्हणून भोंगा कोणाची वाट पाहू लागला नाही. पाळीवर उशिरा येणाऱ्याचे साचे बदलीवाल्याच्या हाती जावयाचे हा गिरणीधंद्याचा सर्वत्रचा रिवाज. शहर वाढले तशी घरे गिरणीपासून दूर गेली. बाळे, देगाव, शेळगी, सोरेगाव, मुळेगाव अशा आजूबाजूच्या गावांतून कामाला येणाऱ्याला तीनचार मैलांची रपेट आली. पायी चालत गेले तर तासभर, सायकलने गेले तर वीस-पंचवीस मिनिटे. हा जो अर्धा-पाऊण तास वाचला, तो झोपेचा होता. म्हणून गिरणी कामगाराची सायकल ही चैन नव्हती, हौसही नव्हती. ती त्याच्या विश्रांतीची आणि रोजंदारीची हमी होती. अशा सायकलचे चाक वाटेत डगमगू लागले तर त्याची किंमत दुकानदाराच्या बिलात मोजून भागणार नाही.

आता सायकल आली कोठून, ते पाहू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरील विसावा खंड १८८४ साली छापला गेला. आपल्या ओळखीच्या सायकलला त्यात स्थान असणे शक्यच नव्हते. कारण सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशा ठेवणीची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ले याने काढली ती १८८५ साली. १८८८ साली डनलपने हवेचा टायर काढला आणि सायकल खऱ्या अर्थाने अंगवळणी पडण्याजोगी झाली. पुढील पन्नास वर्षे हिंदुस्थानातली चांगली सायकल म्हणजे विलायती सायकल : नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बी. एस. ए. किंवा हर्क्युलिस. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पाटण्याला आणि मुंबईत वरळीला देशी कारखाने निघाले. वरळीचा तो हिंद सायकलचा. युद्धात जपानने मलाया घेतल्यावर रबराची टंचाई झाली आणि लोकांनी टायर ठिगळे लावून चालवले. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले. फाळणीनंतर लुधियाना हे सायकलच्या सुट्या भागांचे आगरच बनले. सोलापूरच्या दुकानात स्पोकांचा पुडा येऊ लागला तो तिकडून.

या सर्व सायकली नावाने वेगळ्या असल्या तरी घडणीने एकाच घराण्यातल्या होत्या. अठ्ठावीस इंची चाके, सळ्यांचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर; पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक आणि मागच्याला चाळीस. ही विषमता उगाच नव्हे. बसणाराचा निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर पडतो, पायांचा जोर साखळीवाटे तेथेच पोहोचतो आणि कॅरिअरवरचे ओझेही तेथेच. इंग्रज कारागिराने आठ स्पोक जास्त दिले ते हा हिशेब करून. मात्र त्याच्या हिशेबात डबलसीट बसलेला भाऊ, सुताचा गठ्ठा, चादरींचे बोचके, दुधाचे कॅन आणि पाणीटंचाईच्या दिवसांत दोन्ही अंगांना टांगलेल्या घागरी नव्हत्या. पंधरा लिटरच्या दोन घागरी म्हणजे तीस किलो पाणी, शिवाय घागरींचे वजन निराळे. रस्ता खडी-मुरुमाचा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा. इंग्लंडच्या कारकुनासाठी घडवलेले चाक येथे हमालीला लागले.

स्पोक का तुटतो हे समजून घ्यावयाचे तर सायकलचे चाक बैलगाडीच्या चाकाहून मुळात निराळे आहे, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. गाडीच्या चाकाला मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले लाकडी आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. गाडीचा भार तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येतो. आरा खांबासारखा उभा राहून तो तोलतो. सायकलचा स्पोक ही दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांबासारखी उभी केली तर बोटाने वाकेल. तिचे सारे बळ ताणात आहे. चाळीस तारा रिमला सर्व बाजूंनी आत ओढून धरतात, आणि या ओढाताणीतून चाक ताठ होते. तारेच्या ताणावर चालणाऱ्या चाकाची कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ साली आपल्या उडत्या यंत्रासाठी मांडली होती. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ साली ती सायकलला लावली, आणि जेम्स स्टार्लेने १८७४ साली तारा तुंब्यातून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना छेदून काढण्याची रीत बसवली. आपल्या सायकलचे चाक आजही त्याच रीतीने विणले जाते.

‘विणले जाते’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सोलापूरच्या श्रोत्यांना ताण म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मागावर ताण्याचे शेकडो दोरे असतात. ते सारे सारखे ताणलेले असतील तर कापड नीट उतरते. त्यांत एखादा सैल राहिला तर तो लोंबतो, धोट्याच्या वाटेत येतो आणि तुटतो. घट्ट दोऱ्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, सैल दोऱ्याची विणकराला धास्ती असते. सायकलच्या चाकाचेही गणित काहीसे असेच आहे. आणि नेमके तेच आपल्या लक्षात येत नाही.

लोकसमजूत अशी की स्पोक खड्ड्याने तुटतो. खड्ड्याने रिम वाकेल, टायर फाटेल. पण चांगला स्पोक एका धक्क्याने क्वचितच तुटतो. तो तुटतो थकून. चाक फिरताना जो स्पोक जमिनीकडे येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो. तो वर सरकला की ताण पूर्ववत होतो. प्रत्येक फेऱ्यात एकदा सैल, एकदा घट्ट. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे. घरापासून गिरणी चार किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन छत्तीसशे फेरे, आणि वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर दहा लाखांवर. वर्षभरात प्रत्येक स्पोक दहा लाख वेळा सैल-घट्ट होतो. लोखंडी तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवली की ती काही वेळाने तुटते, हे लहान मूलही जाणते. तोच प्रकार येथे अतिसूक्ष्म प्रमाणात घडतो.

धातूच्या या थकव्याचे ज्ञान माणसाला फार मोठी किंमत देऊन मिळाले. १८४२ च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आख तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आख मजबूत होता, मग तुटला कसा, हा प्रश्न त्या काळच्या यंत्रज्ञांना छळू लागला. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने वर्षानुवर्षे आखांचे नमुने फिरवून प्रयोग केले आणि दाखवून दिले की, एका वेळी जो भार धातू सहज सोसतो, तोच भार लाखो वेळा दिला तर धातू तुटतो. तेव्हा भार किती एवढेच पाहून चालत नाही, तो किती वेळा आणि कितीने बदलतो हेही पाहिले पाहिजे. व्होलरचे हे प्रयोग चालू होते त्याच काळात सोलापूरच्या स्टेशनात पहिली आगगाडी शिरली.

हे तत्त्व स्पोकाला लावून पाहा. स्पोक बहुधा मधोमध तुटत नाही. तुंब्याच्या, म्हणजे हबच्या, भोकातून बाहेर पडताना त्याला जो बाक दिलेला असतो तेथे तुटतो. थंड तार वाकवून तो बाक केलेला असल्यामुळे तेथे आधीच अंतर्गत ताण दडलेला असतो. स्पोक चांगला ताणलेला असेल तर बाक हबला घट्ट टेकून राहतो आणि हलत नाही. स्पोक सैल असेल तर भार येताच तो पुरता ढिला पडतो, बाक भोकात हलतो, पुन्हा ओढला जातो. दर फेऱ्याला त्याची मान मुरगळली जाते. अखेर आतून बारीक चीर पडते आणि एके दिवशी ‘टण्ण’ असा आवाज होतो. त्या दिवशी रस्ता गुळगुळीतही असू शकतो. दोष मात्र कालच्या खड्ड्यावर जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : एकामागून एक का? याला दोन कारणे आहेत. पहिले असे की चाळीसही स्पोक एकाच वयाचे, एकाच वाटेने गेलेले. एक थकून तुटला तर त्याचे सोबती ताजेतवाने कसे असतील? दुसरे कारण दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. स्पोक तुटला की चाक एका बाजूला जाते. मिस्त्री सायकल उलटी ठेवतो, नवा स्पोक घालतो, चाक फिरवतो आणि चावीने त्याचा आउट काढतो. आउट दोन रीतींनी काढता येतो : एका बाजूचे स्पोक ताणून, किंवा समोरच्या बाजूचे सैल करून. जुन्या चाकाची निपल गंजून बसलेली असते. ताणावयास गेले तर निपलची कड झिजते किंवा स्पोकच पिळला जातो. सैल करणे सोपे. म्हणून दर दुरुस्तीत चाक थोडे सैल होत जाते. ते सरळ फिरते, ब्रेकला घासत नाही, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते; आणि पुढचा स्पोक तुटण्याची तजवीज झालेली असते. सरळ दिसणारे चाक मजबूत असतेच असे नाही, ही गोष्ट सायकलच्या दुकानात जितकी खरी तितकीच बाहेरही.

आणखी एक बारकावा. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाचा स्पोक बदलावयाचा तर बहुधा फ्रीव्हील उतरवावे लागते. ते काम वेळेचे आणि जोराचे. त्यामुळे नवी तार वाकवून फटीतून आत सरकवण्याचा मोह होतो. तार बसते खरी, पण वाकवून पुन्हा सरळ केलेली तार जन्मतःच अर्धी थकलेली असते.

येथे कोणी म्हणेल, दोष मिस्त्रीचा. मला तसे वाटत नाही. चौकातल्या निंबाखाली पेटी मांडून बसणाऱ्या या कारागिराजवळ चाकाचे जे ज्ञान होते, ते पुष्कळ पदवीधरांजवळ नव्हते. चाळीसही स्पोक काढून चाक नव्याने बांधावे, हे त्याला ठाऊक होते आणि तो ते सांगतही असे. पण समोर उभा असलेला कामगार पाळीला निघालेला. खिशात एका स्पोकापुरते पैसे. भोंग्याला थोडा अवकाश. ‘आत्ता एकच घाला मिस्त्री, पगार झाला की बघू,’ यापलीकडे तो काय बोलणार? पगार झाला की वाण्याची उधारी पुढे येई, मुलाची फी येई, आणि चाक मागे राही. एकेक स्पोक घालत वर्षभरात जी रक्कम आणि जो वेळ जाई, त्यात पुष्कळदा सबंध चाक बांधून झाले असते. पण एकरकमी पैसा ज्याच्या हाती नसतो त्याला स्वस्त दुरुस्ती परवडत नाही, महागच दुरुस्ती करावी लागते. गरिबीचे अर्थशास्त्र ते हेच. ते ज्याला पुस्तकातून कळले नसेल, त्याने सायकलच्या चाकाकडे पाहावे.

इतिहासाच्या कागदपत्रांत हे उतरत नाही. जुनी गिरणी १९४९ च्या ऑगस्टात बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारकांच्या हक्काचा तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्यघटनेच्या अभ्यासकांना आजही तो वाचावा लागतो. भागधारकाच्या नुकसानीची नोंद अशी चिरंतन झाली. त्याच गिरणीच्या दाराशी रोज लागणाऱ्या सायकलींचे किती स्पोक तुटले, किती पाळ्या हुकल्या, याची वही कोणी ठेवली नाही. म्हणून ती वही आपण तर्काने आणि यंत्राच्या ज्ञानाने वाचावयाची.

मग उपाय काय? तो कठीण नाही. पहिला स्पोक तुटला तर तो बदलावा आणि बाकीचे बोटांनी चाचपून पाहावे. एकाच अंगाच्या तारा छेडल्या तर त्यांचा स्वर जवळजवळ सारखा निघाला पाहिजे. जी तार बद्द वाजेल ती सैल. निपलांना तेलाचा थेंब देऊन रात्रभर मुरू द्यावे आणि मग सर्व स्पोक थोडेथोडे, सारख्या मापाने ताणावे. थोड्याच दिवसांत दुसरा, तिसरा तुटला तर समजावे की सारा संच थकला आहे. रिम आणि हब शाबूत असतील तर ते ठेवून चाळीसही स्पोक व निपल नवे घ्यावे. चाक बांधून झाल्यावर शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबाव्या, म्हणजे बाक हबवर नीट बसतो आणि त्यात दडलेला ताण निघून जातो. पुन्हा एकदा आउट पाहून घ्यावा. आठपंधरा दिवस चालवल्यावर चाक परत दाखवावे. वाटेत स्पोक तुटलाच तर तो शेजारच्या तारेला गुंडाळून, ओझे उतरवून, हळू जावे.

अमेरिकेतील अभियंता जॉब्स्ट ब्रँट याने १९८१ साली सायकलच्या चाकावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने तारांची मुठीत दाबणी का उपयोगी पडते आणि स्पोकाचा थकवा कोठून येतो याची शास्त्रीय मांडणी केली. कुशल कारागिरांचे हात बरेच आधी ज्या वाटेने चालले होते, त्या वाटेचा तो नकाशा झाला. शास्त्र हाताच्या मागून येते, असे पुष्कळ वेळा घडते.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने राष्ट्राच्या मालकीचे केले, तरी ते तगले नाहीत. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो जागतिक सायकल दिन होता. सोलापूरच्या बड्या कापड गिरण्यांचे भोंगेही एकामागून एक मुके झाले. सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. परंतु ती विणणाऱ्या कामगाराच्या सायकलची जागा बहुतेक ठिकाणी मोटारसायकलने घेतली. तरीही सायकल संपलेली नाही. फेरीवाल्याच्या, रखवालदाराच्या, म्हाताऱ्या विणकराच्या हाताशी ती अजून आहे, आणि तिच्या मागच्या चाकाला चाळीस स्पोकच आहेत.

या चाळीस तारांकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. जे वारंवार मोडते, त्याचे कारण मोडलेल्या तुकड्यात शोधून भागत नाही. मोडलेला स्पोक हा सर्वांत दुबळा असेल. अपराधी असेलच असे नाही. त्याला आधार देणारे बाकीचे एकोणचाळीस सैल पडले होते, म्हणून त्याच्या मानेवर भार आला. तुटलेला बदलणे सोपे असते. सर्वांचा ताण सारखा करणे कष्टाचे, वेळेचे आणि थोड्या एकरकमी खर्चाचे असते. तो खर्च ज्याला आज झेपत नाही त्याला तो झेपावा अशी सोय करणे, मग ती पतपेढीने करावी, गिरणीने करावी की शेजाऱ्याने, हे समाजाचे काम आहे. ते झाले नाही, तर दर पंधरा दिवसांनी एक नवा स्पोक घालून आपण दुरुस्ती केल्याचे समाधान मानत राहू, आणि चाक मात्र सैलच राहील.